सोसायटीच्या बागेत कीड पडली? पंप उचलण्याआधी, उचलल्यावर आणि ठेवल्यावर काय करायचं

फेब्रुवारी संपत आला की फोन सुरू होतात. "जास्वंदीवर पांढरं पांढरं आलंय, कुठलं औषध मारू?" मी विचारतो, पांढरं म्हणजे नक्की काय? हलतं का? मुंग्या आहेत का? पलीकडे शांतता. मग माळीमामांचा आवाज येतो, "साहेब, दुकानदारानं एक बाटली दिलीय, तीच मारून टाकू का?"

बागेतल्या कीडनियंत्रणाची गाडी इथेच रुळावरून घसरते. बाटली आधी आणि कीड नंतर. आपण विषाला 'औषध' म्हणतो, त्यामुळे थोडं जास्त पडलं तर बरंच, असंही वाटतं. खाली दहा टप्पे दिलेत, त्यात फवारणी आठव्या नंबरवर आहे. आधीचे टप्पे नीट केले तर निम्म्या वेळा आठव्यापर्यंत जावंच लागत नाही.

हे सगळं सोसायटी, बंगला, शाळा यांच्या शोभेच्या बागांसाठी आहे: जास्वंद, तगर, कण्हेर, मेंदीचं कुंपण, क्रोटन, पाम, गुलाब, कुंड्या. शेतातल्या पिकांचं गणित वेगळं असतं.

आधी जमवायचं सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कागद, सुई काढलेल्या दोन सिरिंज (एक १ मिलीची, एक १० मिलीची), ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, लिटरच्या खुणा असलेली बादली, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, फवारणीसाठीचा मास्क, जुना टूथब्रश, लाल रिबीन आणि एक वही. पाठीवरचे पंप दोन हवेत. दोन का, ते सातव्या टप्प्यात येईल.

यातलं काहीही स्वयंपाकघरातून आणायचं नाही आणि तिथे परत न्यायचं नाही.

टप्पा १: कीड ओळखा

पान उलटून बघा. शोभेच्या झाडांवरच्या बहुतेक किडी पानाच्या खाली, पेराच्या बेचक्यात आणि कोवळ्या शेंड्यात बसतात. वरून पान पिवळं दिसतं, तेवढ्यावर निदान करू नका.

*कापसासारखे पांढरे पुंजके, सावकाश हलणारे, भोवती मुंग्या:* पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. जास्वंद आणि क्रोटनवर हमखास.

*फांदीला चिकटलेले तपकिरी किंवा पांढरे ठिपके, नखाने खरवडले तर सुटणारे:* खवले कीड. पाम, सायकस, कण्हेर.

*शेंड्यावर दाटीने बसलेले हिरवे, काळे, पिवळे बारीक किडे:* मावा.

*झाड हलवलं की उडणारा पांढरा भुगा:* पांढरी माशी.

*पान निस्तेज, वर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, खाली बारीक जाळी:* लाल कोळी. पांढरा कागद धरून त्यावर फांदी झटका आणि थांबा. धुळीचे कण चालायला लागले तर कोळी आहे. हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, आणि हा फरक पाचव्या टप्प्यात फार महाग पडतो.

*पानांवर काळी काजळी:* ही कीड नव्हे आणि पानाचा रोगही नव्हे. मावा, मिलीबग, पांढरी माशी जो गोड चिकटा टाकतात त्यावर वाढलेली ही बुरशी आहे. लोक बुरशीनाशक मारतात आणि दोन आठवड्यांनी काजळी पुन्हा येते, कारण चिकटा गळतच असतो. वरच्या फांदीवर बघा, गुन्हेगार तिथे आहे. कीड गेल्यावर मैद्याची पातळ खळ (लिटरला ५० ग्रॅम, शिजवून, गाळून, गार करून) फवारली तर वाळताना काजळी पापुद्र्यासारखी सुटते.

आता जरा थांबा, कारण सगळ्यात वाईट चूक याच टप्प्यावर होते. मिलीबगच्या पुंजक्यात कधी कधी थोडा मोठा, लांब मेणचट झालरी असलेला पांढरा किडा दिसतो. काडीने डिवचला की तो तुरुतुरु पळतो. मिलीबग असा पळत नाही. हा क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी. ती मिलीबगच खाते आणि त्याच्यासारखीच दिसते. एकदा एका बंगल्यात मालकीणबाई मला मोठ्या उत्साहाने सांगत होत्या, "मोठे मोठे होते ना, ते सगळे वेचून मारले हो." मोठे म्हणजे नेमके हेच. माव्याच्या दाटीत फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे मावे दिसले तर त्यांच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीची पिल्लं वाढतायत असं समजा. तिथे फवारणी म्हणजे स्वतःच्या राखणदारावर गोळी.

> तपासा: किडीचं नाव, झाडाचं नाव, किती फांद्यांवर आहे आणि मित्रकीटक दिसले का, या चार गोष्टी वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. कीडच सापडली नाही तर पाणी, निचरा, ऊन, खत यांच्याकडे बघा. कुंडीत साचलेल्या पाण्यामुळे पिवळ्या पडलेल्या पानांवर कुठलंही कीटकनाशक चालत नाही.

टप्पा २: काही करायची गरज आहे का, ते ठरवा

तगर किंवा सदाफुलीवर बोटाएवढी हिरवी अळी आणि तिच्या पाठीवर निळसर डोळ्यासारखे दोन ठिपके दिसले की मुलं पळत येतात. तो एका मोठ्या देखण्या पतंगाचा सुरवंट आहे. झाडावर दोन-चार असतात. चिमट्याने उचलून दुसऱ्या तगरीवर सोडा, विषय संपला. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. झाड मोठं असेल तर तिला खाऊ द्या.

माझा स्वतःचा नियम सांगतो, शास्त्र म्हणून घेऊ नका. दहा शेंड्यांपैकी दोनवर कीड असेल तर हाताने काढतो. पाच-सहावर असेल आणि मित्रकीटक नसतील तर साबण-कडुनिंब. निम्मं झाड गेलं असेल तर आधी हे झाड इथे हवंच आहे का, असा प्रश्न विचारतो. दरवर्षी मिलीबगने भरणारी, भिंतीला चिकटून लावलेली, वारा न लागणारी जास्वंदीची रांग काढून तिथे दुसरं काही लावणं हेही कीडनियंत्रणच आहे. कमिटीला मात्र ते पटायला दोन वर्षं लागतात.

> खबरदार: तुळस, कढीपत्ता, गवती चहा, बेल, दूर्वा आणि देवाला वाहायची जास्वंद यांवर रासायनिक फवारणी नको. सकाळी सहाला कुणीतरी आजी परडी घेऊन येतातच, आणि तुळशीचं पान तीर्थात जातं. या झाडांना कात्री, पाणी आणि फार तर साबण.

टप्पा ३: मुंग्या, कात्री, पाणी. याच क्रमाने

मुंग्यांपासून सुरुवात करा. मावा आणि मिलीबग जो चिकटा टाकतात तो मुंग्या खातात, आणि बदल्यात ढालकिड्यांना हुसकावून किडीचं रक्षण करतात. मुंग्या चढत असतील तोवर मित्रकीटकांना कामच करता येत नाही. झुडपाची भिंतीला, तारेला, शेजारच्या झाडाला टेकलेली प्रत्येक फांदी छाटा, म्हणजे चढायला एकच वाट उरेल: खोड. खोडाला कागदी टेपचा पट्टा गुंडाळा आणि त्यावर ग्रीस किंवा चिकट सापळ्याचा गोंद लावा. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही. दर आठवड्याला पट्टा बघा, धूळ बसली की मुंग्या त्यावरून पूल ओलांडावा तशा जातात.

मग कात्री. जास्त भरलेला शेंडा कापण्याआधी त्यावर पिशवी चढवा, मग कापा, तिथेच तोंड बांधा. हे अवडंबर वाटेल. पण मिलीबगची कोवळी पिल्लं डोळ्यांना सहज दिसतही नाहीत, आणि कापलेली फांदी लॉनवरून फरफटत नेली की वाटेतल्या सगळ्या झाडांवर ती पेरली जातात. ही पिशवी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायची नाही. कात्री स्पिरिटने पुसा.

शेवटी पाणी. नळीच्या तोंडावर बोट धरून येणाऱ्या जोराच्या धारेने पानांची खालची बाजू धुवा. सकाळी, तीन-तीन दिवसांनी, तीनदा. मावा आणि लाल कोळी यांच्यासाठी एवढं बऱ्याचदा पुरतं. कोळ्याला धूळ आणि कोरडेपणा आवडतो, म्हणून रस्त्याकडच्या कुंपणावर तो मार्च ते मे दरम्यान जोरात असतो आणि पहिल्या पावसात धुऊन जातो.

या दिवसांत युरिया बंद. युरियाने कोवळा, रसाळ शेंडा फुटतो आणि माव्याला पंगत मिळते.

> तपासा: दहा दिवस थांबा. मुंग्या थांबल्या का? नव्या शेंड्यावर कीड आली का? नसेल तर इथेच थांबा.

टप्पा ४: साबण, कडुनिंब, बुरशी

साबणाचं पाणी म्हणजे लिटरला ५ मिली सौम्य द्रव साबण. कपड्याची पावडर नको, भांड्याचा बार किसून नको. साबण ज्या किडीच्या अंगावर ओला पडतो तिलाच मारतो, वाळल्यावर त्याचा उपयोग संपतो. म्हणून पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे आणि फवारणी संध्याकाळी हवी, म्हणजे सावकाश वाळेल. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुवा.

बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर साबण फेस न देता फाटतो आणि पानावर पांढरा साका बसतो. आधी ग्लासभर पाण्यात दोन थेंब टाकून हलवून बघा. फेस टिकला नाही तर साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी घ्या.

कडुनिंबाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ आहे, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. घाण्याचं कच्चं तेल पाण्यात मिसळत नाही. लिटरला ५ मिली तेल घ्यायचं तर आधी १ ते २ मिली द्रव साबणात ते घोटायचं, कोमट पाण्याची धार लावत दुधासारखं पांढरं करायचं आणि मग उरलेलं पाणी. तवंग दिसला तर ते मिसळलेलं नाही, पंपात भरू नका. पानावर नुसतं तेल पडलं की उन्हात डाग पडतात. दुसरी वस्तू म्हणजे तयार निमार्क. त्यावर पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत मूळ घटक किती भाग, ते लिहिलेलं असतं: १५०० पीपीएमचं साधारण लिटरला ५ मिली, १०,००० पीपीएमचं २ मिलीच्या आसपास. १०,००० ची बाटली १५०० च्या मापाने वापरलेली मी बरेचदा पाहिली आहे. लेबल वाचा, त्यावर असेल ते माप अंतिम.

निमार्काने किडी पटापट मरत नाहीत. त्यांचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं. दुसऱ्या दिवशी किडे हलताना दिसले म्हणून लगेच जहाल काहीतरी मारायचं नाही. सात ते दहा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा.

लेकॅनिसिलियम (जुन्या पाकिटांवर व्हर्टिसिलियम) ही बुरशी मावा, मिलीबग, पांढऱ्या माशीवर चालते, पण तिला हवेत ओल लागते. पावसाळ्यात संध्याकाळी मारली तर उत्तम. एप्रिलच्या दुपारी मारली तर पाकीट फुकट. बुरशीनाशक मारलेल्या आठवड्यात तर नकोच.

> खबरदार: फर्न, हंसराज आणि मेणाचा पांढरट थर असलेली सक्युलंट झाडं साबण-तेलाने खराब होतात. कुठल्याही झाडावर आधी चार-पाच पानांवर मारा, दोन दिवस थांबा, मग पूर्ण झाडावर. तहानलेल्या, सुकलेल्या झाडावर काहीच मारू नका.

टप्पा ५: रासायनिक घ्यायचंच असेल तर

परवाना असलेल्या दुकानातून, बिलासकट, मूळ सीलबंद बाटली घ्या. पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेलं 'सुटं' कधीच नाही. घरात मुलं असतात, इतकं कारण पुरे. बाग बाहेरच्या कंत्राटदाराला दिली असेल तर त्याचा कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना बघायला मागा आणि तो काय मारणार त्या बाटलीचं लेबल आधी मोबाइलवर मागवा. पाठवायला टाळाटाळ केली तर दुसरा शोधा.

लेबलवर हिऱ्याच्या आकारात रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. निवासी बागेत लाल नकोच, आणि हिरवा-निळा मिळत असताना पिवळ्याकडे जायचं कारण नाही. पण हा रंग माणसाला होणाऱ्या तात्काळ विषबाधेबद्दल सांगतो. मधमाशी आणि मासे यांच्याबद्दल तो काही सांगत नाही, त्यासाठी आतलं घडीपत्रक वाचावं लागतं.

काही माळी अजून डायक्लोरव्हॉस मागतात, वासावरून 'जोरात आहे' म्हणून. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० नंतर बंदी आहे. स्टोअररूमच्या कोपऱ्यात जुनी बाटली पडली असेल तर ती वापरून संपवायची नाही.

आता कोळ्याची गोष्ट. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाने कोळी मरत नाही. उलट ते वापरल्यावर काही झाडांवर कोळी वाढल्याची उदाहरणं आहेत. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं मारली की मित्रकीटक आधी मरतात आणि महिनाभरात कोळी आणि खवले कीड पूर्वीपेक्षा जास्त येते. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक किंवा कोळीनाशक लागतं. गंधक ३२ अंशांपुढच्या उन्हात आणि तेल फवारल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मारलं तर पानं करपतात. म्हणजे ऐन एप्रिलमध्ये, जेव्हा कोळी असतो, तेव्हा गंधक अवघडच. तेव्हा पुन्हा पाण्याची धार.

दुसरी नेहमीची चूक 'औषध बदलण्या'ची. आधी इमिडाक्लोप्रिड मारलं, फरक नाही पडला, मग थायमेथोक्झाम, मग अ‍ॅसिटामिप्रिड. तीन बाटल्या, तीन कंपन्या, पण गट एकच: निओनिकोटिनॉइड. किडीच्या दृष्टीने तुम्ही एकच गोष्ट तीनदा केली. दुकानदाराला कंपनी नका विचारू, गट विचारा.

> खबरदार: मुळातून शोषली जाणारी निओनिकोटिनॉइड फुलांच्या मधात आणि परागात उतरतात. फुलावर असलेल्या किंवा लवकरच फुलणाऱ्या झाडाच्या मुळाशी ती ओतू नका.

टप्पा ६: आदला दिवस

चोवीस तास आधी लिफ्टपाशी आणि ग्रुपवर सूचना लावा: कुठे, किती वाजता, काय मारणार, कुठली फुलं-पानं किती दिवस तोडू नयेत, मुलांनी आणि कुत्र्या-मांजरांनी बागेत कधी यावं. वेळ लेबलवरून घ्या. लेबलवर नसेल तर मी पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत, बंद ठेवतो.

माशांचं कुंड किंवा कमळाचं टाकं प्लास्टिकने झाका, पायरेथ्रॉइड माशांना फार घातक असतं. पक्ष्यांची पाण्याची भांडी उचला. तळमजल्याच्या खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे आत. झाडांना आदल्या संध्याकाळी पाणी द्या. पुढच्या सहा तासांत पाऊस दिसत असेल तर रद्द करा.

टप्पा ७: मोजणं आणि मिसळणं

इथे सावकाश जा.

१. पंपात ५ लिटर *साधं* पाणी भरा आणि दहा मीटर कुंपण नेहमीच्या चालीने दोन्ही बाजूंनी फवारा. उरलेलं पाणी मोजा. समजा २ लिटर लागलं. कुंपण ६० मीटर असेल तर १२ लिटर द्रावण पुरेल. हे एकदाच करायचं आणि आकडा वहीत लिहून ठेवायचा.

२. लेबलवरच्या मापाने गुणा. लिटरला ०.५ मिली असेल तर १२ × ०.५ = ६ मिली. सिरिंजने ६ मिली घ्या.

'एक बूच टाका' हे माप नाही. एका सोसायटीच्या स्टोअरमधल्या तीन बाटल्यांची बुचं मी पाण्याने भरून सिरिंजने मोजली होती. एकात ७ मिली मावलं, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात २० च्या वर. मामा तिन्हीला 'पंपाला दोन बुचं' टाकत होते. म्हणजे एका फवारणीत ठीक, दुसरीत जवळजवळ दुप्पट, तिसरीत पानं करपली आणि दोष उन्हाला.

३. पूड असेल तर मगमध्ये थोड्या पाण्यात आधी लगदा करा, मग पातळ करा, गाळून पंपात ओता. पंप निम्मा पाण्याने भरलेला असू द्या, कीटकनाशक घाला, ढवळा, मग उरलेलं पाणी. काडीने ढवळायचं, हाताने नाही. चिकटवणारं द्रव सगळ्यात शेवटी.

४. दोन-तीन गोष्टी एकत्र करू नका. 'एकदाच काम होतं' म्हणून कीटकनाशक, बुरशीनाशक आणि पानावरचं खत एकाच पंपात घालतात, द्रावण फाटतं, गाळणी तुंबते, आणि पुढे पान जळालं तर कशाने जळालं ते कळत नाही.

५. द्रावण लगेच वापरा. उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही.

आता दोन पंपांचं कारण. काही वर्षांपूर्वी एका बागेत आम्ही निमार्क मारला आणि आठवड्यात जास्वंदीची कोवळी पानं दोरीसारखी पिळवटली, शेंडे वाकडे झाले. सगळे म्हणाले विषाणू आला. दोन दिवस भिंग घेऊन फिरलो, कीड नाही. मग मामा सहज बोलून गेले, "दादा, तो पंप परवा पार्किंगच्या गवताला मारायला नेला होता." तणनाशक २,४-डी होतं. पंप 'धुतला' होता, म्हणजे एकदा पाणी घालून ओतलं होतं. २,४-डीचा अंश पंपाच्या नळीत आणि वायसरात बसून राहतो. बारा झुडपं पुढचे दोन महिने तशीच उभी होती. तेव्हापासून तणनाशकाच्या पंपावर लाल रंगाने मोठं 'तण' लिहिलेलं असतं आणि तो वेगळ्या खुंटीवर टांगलेला असतो.

> तपासा: पंप कुठला? आकडा दोनदा गुणला? बाटली परत बंद करून कुलपात गेली?

टप्पा ८: फवारणी

संध्याकाळी चारनंतर, ऊन उतरल्यावर आणि मधमाश्या फुलांवरून गेल्यावर. वारा बघायला उदबत्ती लावा. धूर सरळ किंवा जरासा तिरका वर गेला तर ठीक, आडवा पसरला तर आज नको.

पूर्ण बाह्या, फुलपॅन्ट, गमबूट, चष्मा, हातमोजे, मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल हा मास्क नव्हे. तो ओला होतो आणि विष नाकाशी धरून ठेवतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली. कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती आणि फवारा अंगावर, तोंडावर येत होता. आपल्याकडे डोक्यापेक्षा उंच मेंदी आणि पाम फवारताना नेमकी हीच स्थिती असते. वर नोझल धरून खाली उभं राहू नका. कुंपण आधी छाटा, पामसाठी लांब दांडी वापरा आणि नेहमी वारा पाठीवर घ्या.

पोकळ शंकूचा फवारा देणारं नोझल लावा, तोंड खालून वर. पान ओलं होऊन थेंब गळायच्या बेतात आला की पुढे सरका. गळायला लागलं म्हणजे जास्त झालं. फुलांवर मारू नका. आतल्या भागापासून सुरुवात करून फाटकाकडे मागे मागे या, म्हणजे ओल्या झाडांतून चालावं लागत नाही.

> खबरदार: नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. मी हे कितीदा सांगितलंय याला गणती नाही, आणि तरी दर वर्षी कुणीतरी फुंकतंच. टूथब्रश त्यासाठीच आहे. मध्ये तंबाखू, विडी, चहा नाही.

घाम, मळमळ, लाळ, धूसर दिसणं, बाहुल्या बारीक होणं यातलं काही झालं तर काम थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि *बाटलीचं लेबल सोबत न्या*. उतारा त्यावर लिहिलेला असतो. लेबल सांगत नसेल तर उलटी करवू नका.

टप्पा ९: धुणं, ठेवणं, टाकणं

रिकामी बाटली तीनदा विसळायची आणि ते पाणी पंपातच ओतायचं, म्हणून हे फवारणी संपण्याआधी करायचं असतं. नंतर आठवलं तर ते पाणी गटारातच जातं. पंपाचं धुतलेलं पाणी त्याच कुंपणावर फवारा. चेंबर, नाला, बोअरजवळचा खड्डा, यात काही नाही.

बाटलीला भोक पाडा, भंगारवाल्याला देऊ नका, जाळू नका. ती घरगुती घातक कचऱ्यात जाते, म्हणजे वेगळी बांधून, वर लिहून द्यायची. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. मामांना ते घरी न्यायला लावू नका, सोसायटीतच बादली आणि साबण ठेवा.

टप्पा १०: मेली का, ते मोजा

फवारणीआधी दहा शेंड्यांना लाल रिबीन बांधा आणि प्रत्येकावरची जिवंत कीड मोजून लिहा. सातव्या दिवशी तेच दहा शेंडे पुन्हा मोजा. अंदाजे बघितलं की नजर नेहमी उरलेल्या किडीवरच जाते आणि हात बाटलीकडे.

मेलेली खवले कीड फांदीवरून पडत नाही. आठवडेच्या आठवडे तशीच चिकटून असते, आणि लोक मेलेल्या किडीवर तीन-तीन फवारण्या करतात. नखाने खवला उचला. खाली ओलसर, पिवळट काही लागलं तर जिवंत, कोरडा भुगा पडला तर मेलेली. मिलीबग टाचणीने टोचा, द्रव आला तर जिवंत.

अंडी बहुतेक फवारण्यांतून वाचतात, म्हणून नव्या पिल्लांसाठी दुसरी फेरी लागू शकते. दहा शेंड्यांत जिवंत कीड निम्म्याहून जास्त घटली असेल तर दुसरी फेरी साबणाची करा, रासायनिक नको. अजिबात घटली नसेल तर माप वाढवू नका. पहिल्या टप्प्यावर परत जा: ओळख चुकली, पानाखाली पोहोचलं नाही, की मुंग्या अजून चढतायत? माझ्या वहीत या तीनपैकी तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं आहे. पट्ट्यावर धूळ बसलेली असते आणि कुणी बघितलेलं नसतं.

सलग दोन मोजण्यांत दहाही शेंडे स्वच्छ निघाले की रिबिनी सोडून ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत त्याच लागतील.